वहिवाटीसाठी भांडलेला डोंगर

मँचेस्टरहून शेफिल्डकडे जाणारी पॅसेंजर गाडी एडेल नावाच्या लहानशा स्टेशनावर थांबते. पाठीवर सॅक लावलेली माणसं उतरतात, चहाच्या दुकानावरून पुढे जातात आणि गाव संपतं तिथं दगडी गडग्यातलं एक लाकडी फाटक उघडतात. आत कुणाच्या तरी मेंढ्या चरत असतात. कुरण खासगी मालकीचं असतं. तरीही चालणारा फाटक मागे लावून घेतो आणि सरळ त्या कुरणातून डोंगराची वाट धरतो. मालक समोर आला तर नमस्कार-चमत्कार होतो, पण परवानगी विचारायचा प्रश्न येत नाही.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात फिरायला जाणाऱ्याला ही गोष्ट पहिल्यांदा चकित करते. वाडे, मठांचे भग्नावशेष, पाषाणवर्तुळं, हेदरच्या जांभळ्या फुलांनी झाकलेली पठारं हे सगळं प्रवासवर्णनांतून आपल्याला ओळखीचं झालेलं असतं. पण तिथपर्यंत जाण्याची वाट कुणाची, हे सहसा कुणी सांगत नाही. डर्बिशर परगण्यात आणि तिथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत या प्रश्नाचा इतिहास अक्षरशः पायाखाली आहे. त्यातला बराचसा एकाच घराण्याभोवती फिरतो, म्हणून तो तिथूनच सांगायला हवा.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत देशातले सुमारे आठशे मठ बंद केले. छपरांवरचं शिसं काढून वितळवलं गेलं, जमिनी राजाकडे आल्या आणि मग विकल्या गेल्या. यॉर्कशरमधला फाउंटन्सचा मठ ११३२ चा. तोही १५३९ मध्ये असाच रिकामा झाला आणि आज त्याच्या उघड्या कमानींखाली लोक डबे सोडून बसतात. मठांच्या मालमत्तेची मोजदाद करायला जे सरकारी अधिकारी हिंडले, त्यांत विल्यम कॅव्हेंडिश होता. या कामात तो गब्बर झाला. १५४९ मध्ये त्याने आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक हिने डर्वेंट नदीकाठची चॅट्सवर्थची जहागीर विकत घेतली. त्यांचे वंशज पुढे ड्यूक ऑफ डेव्हनशर झाले आणि पहिल्या ड्यूकने १६८७ पासून जुना वाडा टप्प्याटप्प्याने पाडून आजचा राजवाड्यासारखा चॅट्सवर्थ उभा केला.

चॅट्सवर्थ पाहायला लोक फार पूर्वीपासून जात. १८४९ मध्ये जवळच्या रोझली गावापर्यंत रेल्वे आली आणि त्या एका उन्हाळ्यात ८०,००० माणसं वाडा बघून गेली. जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने तिथे काचेचं प्रचंड वनस्पतिगृह बांधलं होतं. त्याच अनुभवावर त्याने १८५१ च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस रचला. म्हणजे वाड्याचा दरवाजा पाहुण्यांना उघडा होता. डोंगर मात्र बंद होता.

तो बंद कसा झाला, हे गायरान म्हणजे काय हे जाणणाऱ्या मराठी माणसाला लगेच कळेल. इंग्लंडच्या गावांनाही सामाईक राने होती. गुरं चारणं, जळण गोळा करणं, पीट नावाची जळाऊ काळी माती कापून आणणं हे गावकऱ्यांचे पिढीजात हक्क होते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून एकेका गावाची अशी जमीन खासगी मालकीत वाटून दिली. एकूण सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूभागाचा पाचवा हिस्सा. प्रवासी ज्यांचे फोटो काढतात ते डोंगरउतारावरचे सरळ रेषेतले लांबच लांब गडगे पुष्कळदा याच वाटपाच्या खुणा आहेत. मला ते सुंदर वाटतात, पण त्यांच्या अलीकडे कुणाची गुरं उभी राहिली असतील हा विचार मनातून जात नाही.

पठारांवर नंतर शिकारीचं वेड आलं. ग्राउज हा तित्तिराच्या जातकुळीतला रानपक्षी हेदरमध्ये वाढतो आणि १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. वर्षाकाठी थोडेच दिवस चालणाऱ्या या खेळासाठी बारा महिने रखवालदार नेमले गेले. डोंगरावर दिसलेल्या माणसाला खाली पिटाळणं हे त्यांचं काम.

याच काळात डोंगराच्या दोन्ही अंगांना शहरं फुगत होती. त्याची सुरुवातही डर्बिशरमध्येच झाली. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी काढली. त्या खोऱ्यातल्या गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पुढे वाफेचं यंत्र आलं, तशी नदीकाठाची गरज संपली आणि गिरण्या मँचेस्टरच्या परिसरात एकवटल्या. पूर्वेला शेफिल्डमध्ये पोलादाचे कारखाने. मधोमध किंडर स्काउटचं पठार, ६३६ मीटर उंच, पीक डिस्ट्रिक्टमधलं सर्वांत उंच ठिकाण. आठवडाभर धुरात राबलेल्या कामगाराला रविवारी खिडकीतून दिसणारा डोंगर हाच, आणि नेमका त्यावरच पाय ठेवायला मज्जाव.

भांडण दोन मार्गांनी चाललं. पहिला मार्ग कागदपत्रांचा. इंग्लिश कायद्यात वहिवाटीला मोठं वजन आहे. एकदा सार्वजनिक ठरलेली वाट नुसती वापरात नाही म्हणून नष्ट होत नाही. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने हक्काने, विनाअडथळा जात असतील तर ती सार्वजनिक मानावी, हे १९३२ च्या कायद्याने स्पष्ट केलं. (आपल्याकडच्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही वीस वर्षांचीच मुदत आहे. बांधावरच्या रस्त्याचा दावा ज्यांच्या घरात चालला आहे त्यांना ती पाठ असेल.) वहिवाटीच्या जुन्या हक्काच्या आधारावर १८९४ मध्येच मँचेस्टरच्या बाजूच्या मंडळींनी पायवाटा राखणारी संस्था काढली आणि वाटाघाटी करून १८९७ मध्ये हेफिल्ड गावापासून विल्यम क्लफ या घळीतून, पठाराला वळसा घालून स्नेक इन या सराईपर्यंत जाणारी वाट मिळवली. त्या संस्थेच्या हिरव्या लोखंडी पाट्या आजही या भागात जागोजाग दिसतात.

दुसरा मार्ग पायांचा. १८९६ च्या सप्टेंबरात बोल्टन शहराजवळच्या विंटर हिलवर जमीनदाराने वाट बंद केली, तेव्हा एका रविवारी हजारोंचा जमाव फाटक मोडून डोंगरावर चढला. खटल्यात मात्र ते हरले.

किंडरची पाळी २४ एप्रिल १९३२ ला आली. मंदीचे दिवस, बेकारी घरोघर. बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा, जेमतेम पाच फूट उंचीचा कम्युनिस्ट तरुण कामगार क्रीडा संघटनेचा कार्यकर्ता होता. त्याने सामुदायिक घुसखोरीची जाहीर हाक दिली. पोलीस त्याच्यासाठी मँचेस्टरच्या स्टेशनावर थांबले होते. तो सायकलने हेफिल्डला पोचला. गावाबाहेर बोडेन ब्रिजजवळच्या दगडखाणीत सभा झाली. ठरलेला वक्ता न आल्याने रॉथमनच कपारीवर चढला आणि त्याने गायरानं कशी गेली याचा इतिहास सांगितला. मग सुमारे चारशे जण गाणी म्हणत घळीकडे निघाले.

पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ते सुरुवातीला चालले ती वाट १८९७ मध्ये रीतसर मिळवलेलीच होती. घुसखोरी घडली ती घळीत मध्येच ती वाट सोडून ते उजवीकडे चढणीला लागले तेव्हा. वर काठ्या घेतलेले रखवालदार उभे होते. थोडी झटापट झाली, एक रखवालदार जखमी झाला आणि जमाव पठाराच्या कडेवर पोचला. पलीकडून, एडेलच्या बाजूने आलेली शेफिल्डची तुकडी त्यांना ॲशॉप हेडजवळ भेटली. परतताना हेफिल्डमध्ये पोलीस वाट पाहत होते. नुसती घुसखोरी हा फौजदारी गुन्हा नव्हताच, त्यामुळे दंगल आणि मारहाणीची कलमं लावली गेली. जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. ज्या जमिनीवर ते चढले होते ती ड्यूक ऑफ डेव्हनशरची होती.

चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा प्रकार आवडला नव्हता. इतक्या वर्षांच्या वाटाघाटींवर पाणी पडेल, अशी त्यांची भीती होती. पण शिक्षेची बातमी पसरली आणि त्याच उन्हाळ्यात कासलटनजवळच्या विनॅट्स खिंडीतल्या सभेला हजारो माणसं लोटली. किंडरचं श्रेय एका दिवसाला देणं अन्यायाचं होईल, आणि त्या पाच जणांना वगळणं त्याहून अन्यायाचं.

महायुद्धानंतर चक्रं वेगाने फिरली. मजूर सरकारचा अर्थमंत्री ह्यू डाल्टन स्वतः पट्टीचा चालणारा होता. त्याने १९४६ मध्ये पाच कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमी निधी काढला. युद्धात पडलेल्यांचं स्मारक देशाच्या भूमीच्या रूपाने व्हावं, ही कल्पना. वारसाकराऐवजी जमीन किंवा वाडा घ्यायची सोयही त्यातून झाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा आला. प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतली एकूण एक सार्वजनिक पायवाट नकाशावर नोंदवायची असं बंधन त्यात होतं. एडेलच्या फाटकाला आज जो कायदेशीर आधार आहे तो या नकाशांचा. १७ एप्रिल १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

आणि त्याच सुमारास चॅट्सवर्थच्या दारात करवसुली आली. दहावे ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये वारले. मालमत्तेवर वारसाकराचा दर ८० टक्के होता. जमिनी विकल्या गेल्या, चित्रं गेली, आणि बेसने १५९० च्या दशकात बांधलेला हार्डविक हॉल, ज्याच्या भिंतींत दगडापेक्षा काचच जास्त दिसते, तो कराच्या बदल्यात सरकारकडे आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी स्थापलेली ही संस्था मुळात मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी होती. तिकीट काढून पाहायच्या वाड्यांची मोठी मालकीण ती या करांमुळे झाली.

पुरातन अवशेषांची कथा थोडी वेगळी, आणि तिच्यात आपल्या चांगल्याच ओळखीचा माणूस येतो. प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ चा. त्याच्या यादीत डर्बिशरचं आर्बर लो होतं. चुनखडीच्या पन्नासेक आडव्या पडलेल्या शिळांचं हे वर्तुळ, आजही शेतकऱ्याच्या अंगणातूनच गाठायचं. पण मालकाची मर्जी नसेल तर त्या कायद्याला काही करता येत नसे. १९११ मध्ये लिंकनशरमधल्या टॅटरशॉल किल्ल्यातल्या पंधराव्या शतकातल्या कोरीव शेगड्या उपटून विकल्या गेल्या. त्या अमेरिकेला जाणार अशी आवई उठली, तेव्हा लॉर्ड कर्झनने किल्लाच विकत घेतला आणि शेगड्या शोधून परत आणून बसवल्या. पुढचा १९१३ चा कायदा मालकाला स्मारक पाडण्यापासून रोखू शकणारा झाला, आणि त्यामागेही कर्झनचा रेटा होता.

होय, हाच कर्झन. १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष गोखल्यांनी ज्याची तुलना औरंगजेबाशी केली, तो. व्हाइसरॉय असताना त्याने १९०४ मध्ये हिंदुस्थानात प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला होता. म्हणजे मालकाच्या मर्जीला सरकारने आवर घालायचा, हा विचार त्याने आधी इथे अमलात आणला आणि नंतर मायदेशी नेला. त्याचं जन्मघर केडलस्टन हॉल डर्बीजवळ आहे. कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाउस त्याच घराच्या आराखड्यावरून बांधलेलं, त्यामुळे व्हाइसरॉय म्हणून तो आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहिला. केडलस्टन १९८७ मध्ये ट्रस्टकडे आलं. त्या वाड्यासमोरची विस्तीर्ण हिरवळ मोकळी व्हावी म्हणून अठराव्या शतकात अख्खं गाव हलवलं होतं. राहिलं ते फक्त चर्च, वाड्याला चिकटून.

पठारावर मनसोक्त, वाट सोडून फिरण्याचा हक्क मात्र २००० च्या कायद्यानेच आला. डोंगर, माळ, हेदरची रानं आणि नोंदलेली सामाईक जमीन एवढ्यावर तो लागू आहे. इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूभागावर. नदीकाठ आणि जंगलं बहुतांशी बाहेरच राहिली, आणि तो झगडा चालू आहे.

एप्रिल २००२ मध्ये घुसखोरीला सत्तर वर्षं झाली. बोडेन ब्रिजला कार्यक्रम झाला आणि अकरावे ड्यूक ऑफ डेव्हनशर तिथे आले. आपल्या आजोबांनी तेव्हा केलं ते चूक होतं असं सांगून त्यांनी सर्वांसमोर माफी मागितली. रॉथमन त्याच जानेवारीत गेला होता.

दगडखाणीत आता गाड्या उभ्या करतात. कपारीवर स्मरणाची पाटी आहे. घळीतून वर गेलं की ॲशॉप हेडजवळ ४३१ किलोमीटर लांबीची पेनाइन वे ही पायवाट भेटते. १९६५ मध्ये ती खुली झाली तीही २४ एप्रिललाच. इथून उत्तरेला जमीन दलदलीची आहे आणि लाखो पावलांनी पीट उघडं पडू लागलं होतं, म्हणून वाटेवर मोठमोठ्या दगडी फरशा टाकल्या आहेत. त्या आणल्या लँकेशरमधल्या पाडलेल्या सूतगिरण्यांच्या तळमजल्यांतून. काही फरशांवर यंत्रं ठोकून बसवल्याची भोकं अजून दिसतात, पाऊस पडून गेला की त्यांत पाणी साचतं.