पाठीचा मुका मार की मूत्रपिंडाची इजा?

वाहनावरून पडल्यावर किंवा कुशीत जोराचा फटका बसल्यावर बरगड्यांखाली एका बाजूला जे दुखते, ते बहुतेक वेळा स्नायूंना बसलेल्या मुक्या माराचे असते. परंतु त्याच जागी, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला मूत्रपिंडे असल्यामुळे त्यांची इजाही सुरुवातीला तशीच भासू शकते.

स्नायूंचे दुखणे हालचालीशी बांधलेले असते. वाकताना किंवा कूस बदलताना कळ येते, निवांत पडल्यावर ती ओसरते, आणि पहिले एकदोन दिवस अंग आखडले तरी पुढे हळूहळू उतार पडतो. मूत्रपिंडाचे दुखणे खोलवरचे आणि सततचे असते, कूस बदलून त्यात फारसा फरक पडत नाही, आणि कधी ते पोटाकडे वा जांघेकडे उतरते. तरीही एवढ्यावरून निवाडा करू नये, कारण खालची बरगडी मोडली असेल तर दोन्ही इजा एकत्र असू शकतात. त्वचेवरचा काळानिळा डागही दोन्हींत दिसतो, आणि तो नसला म्हणून आतला अवयव सुरक्षित आहे असे ठरत नाही.

अधिक भरवशाची खूण लघवीत सापडते. साध्या मुक्या मारात तिचा रंग बदलत नाही. मूत्रपिंडाला इजा झाल्यास ती गुलाबी, लाल किंवा तपकिरी होऊ शकते, अथवा रक्त फक्त तपासणीतच दिसते. (अंग बराच वेळ चिरडले गेले असेल, तर मोडलेल्या स्नायूंतील द्रव्यामुळेही लघवी गडद होते, त्यानेही मूत्रपिंडाला धोका असतो, म्हणून ‘हे तर स्नायूंचेच’ असा दिलासा तेथे मानू नये.) मात्र रक्त किती दिसते यावरून इजा किती मोठी हे कळत नाही. मूत्रपिंडाची मुख्य रक्तवाहिनी दुखावली असतानाही लघवी स्वच्छ असू शकते, आणि म्हणूनच उंचावरून पडणे किंवा वेगात असताना एकदम आदळून थांबणे, एवढा इतिहासही तपासणीला पुरेसे कारण ठरतो.

नाडी जलद होणे, घाम सुटून चक्कर येणे, अंग पांढरे पडणे, कुशीत सूज वाढणे किंवा लघवी फार कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. लहान मुलांत बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहणे योग्य. इजेची व्याप्ती शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये नीट कळते. सोनोग्राफी निर्दोष आली तरी शंका पूर्णपणे मिटत नाही. तोवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

स्थिर रुग्णांतील बहुतेक इजा विश्रांती आणि देखरेखीने, शस्त्रक्रियेविना भरून येतात. तथापि घरी आल्यावर काही दिवसांनी, कधी दोनतीन आठवड्यांनीही, पुन्हा लाल लघवी, ताप किंवा कुशीत वाढते दुखणे जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि पुढील काही महिने रक्तदाब अधूनमधून मोजावा, कारण अशा इजेनंतर तो वाढू शकतो.