नाव बदलून व्हिडिओ बदलत नाही

‘व्हिडिओ चालत नसेल तर नावाच्या शेवटचं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याने फाइलच्या आत काहीही बदलत नाही. एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, तो कोडेक. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतलं तिखट हळद होत नाही.

मावशीने हळदीचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला, तर ढोलकी ऐकू येत होती आणि पडदा काळा. फाइल खराब झाली समजून ती डिलीट करायला निघाली होती! फाइल धडधाकट होती. फोनने चित्रण एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या कोडेकमध्ये केलं होतं. हे मानक २०१३ चं, पण विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर त्याचा कोडेक आधीपासून नसतो. आवाजाचा कोडेक वेगळा. तो होता, म्हणून ढोलकी वाजली.

व्हीएलसी हा मोफत प्लेअर बहुतेक कोडेक स्वतःसोबतच आणतो. त्यात कंट्रोल आणि J ही बटणं एकत्र दाबली की फाइलचा कोडेक दिसतो. अनोळखी साइटवरचे ‘कोडेक पॅक’ मात्र कृपा करून उतरवू नका, त्यातून व्हायरस येतात. जुन्या टीव्हीसाठी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने एच.२६४ या जुन्या कोडेकमधली प्रत काढा, मूळ फाइल जपून ठेवा.

खरोखर बिघडलेली फाइलही असते. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली, तर एमपी४ची शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिका राहून जाते. तेव्हा व्हीएलसीही सहसा हात टेकतो.