जादा २५ टक्के, पण कशाच्या?

दिव्यांग माणसाला चारचौघांसारखं जगायलाही चारचौघांपेक्षा जास्त पैसे लागतात. ज्या घरात असं माणूस आहे तिथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सरकारी हिशेबात मात्र ही गोष्ट फार उशिरा शिरली. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण बसची पायरीच चढता येत नसेल तर तालुक्याला जायला रिक्षा ठरवावी लागते, तीही जाऊन-येऊन. डायपर, कॅथेटर (लघवीसाठीची नळी), श्रवणयंत्राचे सेल, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची दुरुस्ती हे खर्च वेगळेच. सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज तर कोणी धरतच नाही.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्य मिळावं असं म्हटलं आहे, तेही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. कमावता येत नाही म्हणून मदत, हा त्यामागचा विचार. पुढच्या योजना त्याच वाटेने गेल्या. १९८० साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या संजय गांधी योजनेच्या नावातच ‘निराधार’ आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी आणि दिव्यांग सगळे त्यात एका रांगेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने बेरोजगार भत्त्याची सोय सांगितली, पण नोकरी असलेल्या दिव्यांगाचाही खर्च वाढीव असतो, हे त्यात कुठे आलं नाही. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात अपंगत्वामुळे होणाऱ्या खर्चाचा स्वतंत्र उल्लेख आहे. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, केंद्राची दिव्यांग पेन्शन आली ती दारिद्र्यरेषेखालच्या, किमान ८० टक्के अपंगत्व असलेल्यांपुरती. ही टक्केवारी शरीराची असते, खर्चाची नसते. ४५ टक्क्यांच्या माणसालाही रोज रिक्षाच करावी लागू शकते.

खरा गुंता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांना लागू असलेल्या ‘तत्सम’ योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी, असं त्याचं कलम २४ सांगतं. वाढीव खर्च कायद्याने आकड्यात मान्य केला तो इथे. पण तत्सम कोणती? केंद्राच्याच पेन्शन घ्या. वृद्धांना साठीपासून ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये, दिव्यांगांना ३००. या जोडीत फरक ५० टक्के, म्हणजे कायदा पाळल्यासारखा दिसतो. विधवा पेन्शनशी ताडून पाहा: तीही ३००, फरक शून्य. ऐंशी ओलांडलेल्या वृद्धाला ५०० आणि ऐंशी ओलांडलेल्या दिव्यांगालाही ५००, तिथेही फरक संपतो. कोणती जोडी लावायची हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात. शिवाय ३०० रुपयांची ही रक्कम २०१२ मधली, कायद्याच्या आधीची. कायदा पाळायचा म्हणून ती ठरलेलीच नव्हती.

माझ्या मते त्याहून मोठी अडचण मूळ रकमेची आहे. २०० रुपयांवर २५ टक्के म्हणजे ५० रुपये. मूळ रक्कमच पोटाला पुरत नसेल तर तिच्या चतुर्थांशातून कॅथेटर येणार नाही. आणि हा चतुर्थांश सगळ्यांना सारखा: एका पायाने अधू असलेल्या शिंप्याला तेवढाच आणि चोवीस तास माणूस लागणाऱ्या मुलीलाही तेवढाच. याच कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. वाढीव खर्चाला थेट भिडतं ते असं वाक्य. चर्चा मात्र २५ टक्क्यांभोवतीच फिरत राहिली.

मध्यमवर्गाला हा खर्च मान्य झालेला दिसतो तो प्राप्तिकरात: ७५ हजारांची वजावट, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

महाराष्ट्रात संजय गांधी योजनेचे महिन्याचे ६०० रुपये २०१९ मध्ये १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००, पण सर्वांना सरसकट. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना आली तीही १,५०० चीच, आणि मग तुलना अटळ झाली. २५ टक्क्यांच्या हिशेबाने दिव्यांगांचे किमान १,८७५ व्हायला हवे होते. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, मागणी ६,००० पर्यंत गेली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २,५०० झाली. एका रांगेतून दिव्यांगांना वेगळं काढून जास्त देण्याचा हा निर्णय महत्त्वाचा आहे. उत्पन्नाची अट मात्र या रकमेइतकी चर्चेत आली नाही. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी ती मर्यादा ५० हजारांची, म्हणजे घरात महिन्याला ४,२०० रुपये आले तरी ओलांडली जाणारी.