यकृतात अडकलेली साखर

जोरदार व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, की 'लॅक्टिक ॲसिड साचलंय' असं निदान कुणीही करून मोकळं होतं. ते 'बाहेर काढणारी' पेयंही विकली जातात. खरं तर व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) पूर्वपदावर आलेलं असतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं. मग ते लॅक्टेट जातं कुठे? काही हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात, तर काही यकृतात पोहोचून पुन्हा ग्लुकोज बनतं आणि स्नायूंकडे परततं. हे चक्र १९२९ साली मांडलं गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने.

गर्टी मूळच्या प्रागच्या, जन्म १८९६ चा. १९२० मध्ये डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी वर्गमित्र कार्लशी लग्न केलं आणि १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत बफेलोला आले. काम जोडीने चालायचं, नोकरीसाठी बोलावणी मात्र कार्लना. बायकोबरोबर संशोधन करणं अमेरिकी रीतीत बसत नाही, असंही एका विद्यापीठाने सुनावलं. १९३१ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाले आणि गर्टी नाममात्र पगारावर संशोधन सहायक. त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९४७ मध्ये, म्हणजे दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं त्या वर्षी!

पण मला सांगायचंय ते एका फॉस्फेटबद्दल, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या एका छोट्या गटाबद्दल.

शरीर जादा ग्लुकोज साठवतं ते ग्लायकोजेनच्या रूपात. ग्लुकोजच्या रेणूंची ही लांब साखळी, झाडासारखी फांद्या फुटलेली. गरज पडली की टोकाकडून एकेक रेणू तोडायचा. हा बंध पाण्याने तोडला असता तर सुटं ग्लुकोज मिळालं असतं. कोरींनी १९३६ मध्ये बेडकाचे स्नायू बारीक करून, धुऊन पाहिलं तेव्हा हाती लागलं वेगळंच: ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनला फॉस्फेट चिकटलेला रेणू. पेशी पाण्याऐवजी फॉस्फेट वापरून बंध तोडते, आणि हे काम करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे फॉस्फोरिलेज. (२००८ मध्ये अमेरिकेने गर्टींचं टपाल तिकीट काढलं, त्यावर नेमकी याच रेणूची रचना किंचित चुकली.)

पुढे तो फॉस्फेट पहिल्या कार्बनवरून सहाव्यावर सरकतो. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे असं ग्लुकोज पेशीचं आवरण ओलांडू शकत नाही. स्नायूंना ते सोयीचंच, त्यांना साखर स्वतःसाठीच हवी असते. यकृताला मात्र उपाशीपोटी सगळ्या शरीराला, विशेषतः मेंदूला, ग्लुकोज पुरवायचं असतं. म्हणून यकृताकडे फॉस्फेट काढून टाकणारं खास विकर असतं, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. स्नायूंत ते नसतं.

आता हे विकर जन्मतःच नसेल तर? जर्मन रोगतज्ज्ञ फॉन गिर्के यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेल्या आजारात बाळाचं यकृत ग्लायकोजेनने फुगलेलं असतं आणि दोन दुधांमध्ये थोडं अंतर पडलं तरी रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरते. १९५२ मध्ये कोरींनी अशा रुग्णांची यकृतं तपासली. काहींत हे विकर जवळजवळ शून्य निघालं. आनुवंशिक चयापचय विकारामागे अमुक एक विकर नाही, हे थेट मोजून दाखवण्याची ही पहिली वेळ.

बाकीच्यांत ते होतं! म्हणजे आजार एकच नव्हता. गर्टींनी मग रुग्णांचं ग्लायकोजेनच विकरांनी टप्प्याटप्प्याने सोलून पाहिलं. फॉस्फोरिलेज फांदीच्या चार रेणू अलीकडे थांबतं. तिथून पुढे दुसरं विकर लागतं, तीन रेणू उचलून शेजारच्या साखळीवर ठेवणारं आणि उरलेला, फांदीच्या बेचक्यातला रेणू कापणारं. हा एकच रेणू फॉस्फेटविना, सुटा निघतो. त्यामुळे सुटं ग्लुकोज किती आणि फॉस्फेटवालं किती, यावरून फांद्यांचा हिशेब लागतो. काही रुग्णांच्या ग्लायकोजेनमध्ये बाहेरच्या फांद्या खुंटलेल्या दिसल्या: फांदी कापणारं विकरच नाही. या प्रकाराला आज कोरी आजार म्हणतात.

दोन्ही विकारांत आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, आणि दोघंही स्वतः धडधाकट असतात. त्यामुळे शाप, पूर्वजन्मीचं पाप किंवा आईच्या गरोदरपणातल्या चुका शोधत बसणाऱ्यांनी गप्प बसलेलं बरं.

गर्टींना स्वतःला नोबेलच्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार असल्याचं कळलं होतं. यकृतांवरचं हे सगळं काम त्या आजारपणातलं. १९५७ मध्ये त्या गेल्या.

प्रकार वेगळे काढल्याचा फायदा उपचारांत झाला. फॉन गिर्के आजारात लॅक्टेटपासून बनलेलं ग्लुकोजही त्याच फॉस्फेटपाशी अडतं, म्हणून रक्तात लॅक्टेट चढतं. अशा मुलांना १९८४ पासून कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून दिवसरात्र ठरावीक तासांनी देतात. ते आतड्यात सावकाश पचतं आणि साखर टिकून राहते. कोरी आजारात शेवटचा दरवाजा उघडाच असतो, फॉस्फेट काढणारं विकर शाबूत असतं, म्हणून प्रथिनांपासून यकृत ग्लुकोज बनवू शकतं. त्यामुळे या मुलांच्या आहारात स्टार्चच्या जोडीला प्रथिनं वाढवतात.