टोळाची प्रजाती नवीन आहे हे ठरवतात कसं? थोडा मागचा इतिहास

नवीन नाकतोडा सापडला अशी बातमी आली की आपल्याला वाटतं, कुणीतरी जंगलात गेलं, वेगळा किडा दिसला, नाव ठेवलं, झालं. पण वेगळा म्हणजे नक्की कशावरून वेगळा, हा प्रश्न अडीचशे वर्षं चाललाय आणि त्यात भलेभले फसलेत.

सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये टोळ, नाकतोडे, रातकिडे सगळे ग्रिलस या एकाच नावाखाली घातले, आणि तेही चक्क भुंगेऱ्यांच्या गणात. पुढे मिशा लांब की आखूड, मादीची अंडी घालायची नळी कशी, यावरून वाटण्या झाल्या. 19 व्या शतकात युरोपातल्या म्युझियममध्ये जगभरातून टाचणी टोचलेले किडे येत राहिले आणि रंग, पंखावरचे डाग, पाठीचा आकार बघून नावं पडत गेली. त्यात हिरवा टोळ वाळला की बऱ्याचदा पिवळट-तपकिरी होतो, म्हणजे रंगाचा तर काहीच भरवसा नाही.

सगळ्यात मोठा धक्का दिला कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्हने. थव्याने उडणारा लोकस्टा मायग्राटोरिया आणि एकेकटा राहणारा लोकस्टा डॅनिका या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जायच्या, रंग वेगळा, पाठीवरची ढाल वेगळी, वागणं तर पूर्णच वेगळं. उवारोव्हने 1921 मध्ये मांडलं की ही एकच प्रजाती आहे, गर्दी झाली की पिढ्यांमध्ये तिचं रूप पालटतं. मला तर हा या विषयातला सगळ्यात भारी शोध वाटतो, कारण टोळधाड येते कुठून याचंही उत्तर त्यातच निघालं.

अमेरिकेत बरोबर उलटं झालं. रेन आणि हेबार्ड या कीटकशास्त्रज्ञांनी 1915 मध्ये तिथल्या काळ्या रातकिड्यांची ढीगभर नावं रद्द करून सगळे एकाच प्रजातीत बसवले, कारण म्युझियममधले नमुने एकमेकांसारखेच दिसत होते. पण मेलेला रातकिडा गात नाही ना! फुल्टनने नॉर्थ कॅरोलिनात जिवंत रातकिडे ऐकले, पाळले, त्यांचे संकर करून बघितले, आणि 1952 मध्ये दाखवलं की तिथे चार वेगळे गट आहेत, आवाज, जागा, हंगाम यात फरक आणि आपसात पिल्लं होत नाहीत. नंतर अलेक्झांडर आणि बिगेलो यांनी 1960 मध्ये ग्रिलस व्हेलेटिस वेगळा काढला, तो दिसायला आणि गायला ग्रिलस पेन्सिल्व्हानिकससारखाच, फक्त एक वसंतात वयात येतो आणि दुसरा उन्हाळा संपत आल्यावर.

आखूड मिशांच्या टोळांमध्ये नराचे जननेंद्रिय बघणं जास्त कामाला आलं, डर्शने 1956 मध्ये त्याचा मोठा तौलनिक अभ्यास छापला. बाहेरून जुळे वाटणारे टोळ इथे पटकन वेगळे पडतात, म्हणून आजही वर्णनात त्याची चित्रं असतात. शिवाय 1999 नंतर छापलेल्या वर्णनात नाव कुठल्या नमुन्यावर बेतलंय ते स्पष्ट सांगावंच लागतं.

2003 पासून डीएनए बारकोडिंग आलं, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरचा एक ठरावीक जीन वाचून प्रजाती ओळखायची, लोकांना वाटलं सुटलो. पण टोळांच्या पेशीकेंद्रात त्या जीनच्या जुन्या, निकामी नकला पडून असतात, मशीन त्याच वाचून बसतं आणि एका प्रजातीच्या उगाच अनेक दिसायला लागतात, हे 2008 मध्ये टोळांवरच दाखवलं गेलं. मग परत सूक्ष्मदर्शक, परत रेकॉर्डिंग.