हात शाबूत, पाय शाबूत: मेंदूच्या दुखापतीची भरपाई कायद्याने कशी मोजली

डोक्याला जबर मार लागून वाचलेला माणूस कोर्टात चालत येतो, विचारल्यावर नाव सांगतो, सहीसुद्धा करतो. घरचे सांगत असतात, ‘तो पयल्यासारखो नाय ऱ्हवलो.’ विमा कंपनीचा वकील विचारतो, मग अपंगत्व नेमकं कुठलं? रत्नागिरी असो, ओरोस असो की माणगाव, मोटार अपघाताच्या क्लेममध्ये हा पेच ठरलेला. विमा कंपन्या चिकट असतात हे खरंच, पण पेचाचं मूळ त्याहून जुनं आहे. भरपाईचा आपला कायदा अवयव मोजत मोठा झाला. मेंदूची किंमत करायला तो फार उशिरा शिकला, आणि अजूनही सगळीकडे शिकलेला नाही.

१८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यात माणूस मेला तरच वारसांना दावा होता. जगला आणि कायमचा निकामी झाला, तर दिवाणी दावा लावून नुकसान सिद्ध करायचं. कोकणातल्या घरांपर्यंत भरपाईची कल्पना खऱ्या अर्थाने पोचली ती मुंबईमार्गे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती, आगबोटींवर इथलेच खलाशी होते. या कायद्याने पहिल्यांदा मालकाची चूक सिद्ध न करता पैसे मिळायची सोय केली. ही फार मोठी गोष्ट होती.

पण त्याची पहिली अनुसूची वाचून बघा. दोन्ही हात गेले, १०० टक्के. दृष्टी गेली, १०० टक्के. पूर्ण बहिरेपण, चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता, १०० टक्के. पुढे बोटं, पेरं, अंगठे. मेंदू कुठेच नाही. यादीबाहेरच्या दुखापतीसाठी कमाईची ताकद किती गेली ते डॉक्टरकडून ठरवून आणायचं. म्हणजे बोट तुटलेल्याला टक्केवारी तयार मिळते आणि स्मृती गेलेल्याला ती झगडून मिळवावी लागते.

रस्त्यावरच्या अपघातांची वाट वेगळी निघाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातला तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे इजा झालेल्या बाहेरच्या माणसासाठीचा, सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून अमलात आला. खास न्यायाधिकरणं आली ती १९५६ च्या दुरुस्तीनंतर. १९८२ मध्ये चूक कुणाची हे न बघता द्यायची रक्कम ठरली: मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. या ‘कायमच्या अपंगत्वा’ची व्याख्या डोळा, कान, अवयव, सांधा आणि डोक्याची किंवा चेहऱ्याची कायमची विद्रूपता एवढ्यावरच थांबत होती. शब्दरचना जवळपास १८६० च्या दंडसंहितेतल्या ‘गंभीर दुखापती’ची. कपाळावरचा व्रण त्यात सरळ बसायचा, त्या कपाळामागचं काय गेलं ते बसायचं नाही. हीच व्याख्या १९८८ च्या कायद्यातही तशीच आली.

मधल्या काळात वैद्यकशास्त्र पुढे गेलं होतं. १९७१ मध्ये सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला. १९७४ मध्ये जखमी कितपत शुद्धीवर आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल आला: ३ ते १५ गुण, ८ किंवा त्याखाली असेल तर दुखापत गंभीर. आज केसपेपरवर पहिल्या तासात लिहिलेला तो ‘जीसीएस’चा आकडा दाव्यातला मोठा पुरावा ठरतो. घरच्यांना त्याचा अर्थ माहीत नसतो. म्हणून सांगावंसं वाटतं, तो कागद आधी जपा.

न्यायालयाच्या विचारात खरा बदल झाला तो १८ ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन गोष्टी एक नाहीत. माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो, हे न्यायाधिकरणाने बघायचं.

मेंदूच्या दुखापतीत याने काय फरक पडतो ते हिशोबानेच कळतं. समजा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला ३० वर्षांचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, आहे, महिन्याला १२,००० रुपये मिळवणारा. रात्री बंदरावरून घरी येताना मोटरसायकलला टेम्पोची धडक बसली. वर्षभराने त्याचे हातपाय चालतात, पण पाण्यात जाळं कुठे सोडलं ते त्याला आठवत नाही, खलाशांवर विनाकारण भडकतो, इंजिनाच्या आवाजात डोकं गच्च होतं. डॉक्टर अपंगत्व ४० टक्के लिहितात. त्याच्या हाती बोट आणि चार माणसांचा जीव कोण देणार? २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, म्हणजे १६,८०० रुपये. पुढे तो किती कमावेल याचा अंदाज करत बसावं लागत नाही. २००९ च्या सरला वर्मा निकालाने २६ ते ३० वयासाठी गुणक १७ ठरवला आहे, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला १७ ने गुणायचं. नुकसान ४० टक्केच धरलं तर रक्कम होते १३,७०,८८०. तांडेल म्हणून तो १०० टक्के गेला असं धरलं तर ३४,२७,२००. माणूस तोच, दुखापत तीच. फरक फक्त त्याचं काम कोर्टाला नीट समजावून सांगितलं की नाही एवढाच.

यात सांभाळणाऱ्याचा खर्च अजून आलेलाच नाही. ती बाजू ५ फेब्रुवारी २०२० च्या एका निकालाने उजेडात आणली. ट्रकच्या धडकेने १२ वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इजा झाली होती, तिची सामाजिक समज नऊ महिन्यांच्या बाळाइतकी राहिली होती. न्यायाधिकरणाने साधारण ११ लाख दिले, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २५.७८ लाख. सर्वोच्च न्यायालयाने ६२,२७,००० केले. दोन मदतनीस, प्रत्येकी महिना ५,०००, आणि त्यालाही १८ चा गुणक लावला. कमाईसाठी कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं. आपल्याकडे हे सांभाळणं आई नाहीतर बायको करते आणि त्याचे पैसे मागायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मागायचे असतात, आणि मिळतात.

कोकणाची अडचण मात्र कायद्याच्या पुस्तकात मावत नाही. इथला जखमी आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात, मग कोल्हापूर, मुंबई किंवा सिंधुदुर्गातला असेल तर गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात. कागद दोन राज्यांत विखुरतात आणि टक्केवारी देणारा डॉक्टर कोर्टात साक्षीला यावा लागतो. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तर सावंतवाडीच्या माणसालाही जिल्ह्याचं कोर्ट म्हणजे रत्नागिरी. गणपतीला येताना कशेडी घाटात जखमी झालेल्या चाकरमान्याला १९९४ च्या दुरुस्तीने मोठा दिलासा दिला: दावा अपघाताच्या जागीच लावायची सक्ती गेली, राहत्या ठिकाणी लावता येऊ लागला.

ज्या अपघातात गाडीच नसते तिथे अवस्था सगळ्यात वाईट. आंब्यावर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढलेला गडी पडतो, सुपारीवरून माणूस घसरतो. इथे न्यायाधिकरण नाही. बागायतदाराकडे मजुरीला असेल, मग तो गावचा असो की नेपाळहून आलेला गुरखा, तर कामगार भरपाईची वाट आहे. हंगामी मजुराला वगळणारी अट २००० च्या दुरुस्तीने काढली. तरी आपलं काम दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या कामांच्या यादीत, बसतं हे दाखवावं लागतं, आणि दावा दोन वर्षांत करावा लागतो. स्वतःच्याच झाडावरून पडला तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात. मृत्यूला २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. पुन्हा तीच यादी. अंथरुणाला खिळलेला, माणसं न ओळखणारा शेतकरी ‘अवयव निकामी’ या रकान्यात बसवायला घरच्यांनी किती खेटे घालायचे? १९२३ मध्ये राहिलेली फट शंभर वर्षांनी तरी बुजवायला हवी होती.

आत्ताची तातडीची गोष्ट मुदतीची. १९९४ मध्ये काढून टाकलेली दाव्याची कालमर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती सहा महिने आहे. तिला आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. मेंदू किती सावरेल हे कळायला वर्ष, दोन वर्षं लागतात. तेव्हा दावा मुदतीत लावावा आणि अपंगत्वाचा दाखला नंतर, तब्येत स्थिरावल्यावर आणावा. लोकअदालतीत लवकर तडजोड करायचा आग्रह झाला तर हे जरूर लक्षात ठेवा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांचं ते अपील मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतं. रायगडकरांना अजून मुंबईच.