पायाच्या चरातला कोळसा

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कोल्न नदीच्या खोऱ्यात चेडवर्थ नावाचं खेडं आहे. १८६४ मध्ये तिथल्या रानात रोमन काळातली एक प्रशस्त हवेली सापडली. फरशीखालून गरम हवा खेळवलेल्या खोल्या, न्हाणीघरं, झऱ्याच्या पाण्यावर बांधलेलं कुंड आणि रंगीत खड्यांची मोझेक फरशी. १९२४ पासून हे सगळं नॅशनल ट्रस्ट ही ऐतिहासिक वास्तू जपणारी संस्था सांभाळते.

इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधला रोमन अंमल संपला. त्यानंतर शहरं ओस पडली, श्रीमंतांनी हवेल्या सोडल्या, असंच मानलं जाई. पण या समजुतीत एक मेख होती. उत्खननात काळ ठरवायला नाणी फार उपयोगी पडतात आणि नवी नाणी यायची थांबली होती. म्हणजे घड्याळ बंद पडलं होतं. घरात माणसं नव्हती, असं त्यावरून कसं ठरवणार?

चेडवर्थच्या २८ क्रमांकाच्या खोलीत हा घोळ सुटला. तिथेही मोझेकची फरशी आहे, पण तिचे खडे दगडाचे. रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचं वय काढता येत नाही. त्यासाठी एके काळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. प्राणी किंवा झाड मेलं की त्यातला कार्बन-१४ घटू लागतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. ही खोली एक आडवी भिंत घालून तयार केली होती. त्या भिंतीच्या पायाच्या चरात कोळशाचे आणि हाडांचे तुकडे मिळाले. त्यांच्या तपासणीतून भिंत इ.स. ४२४ नंतरची ठरली. खोलीच भिंतीमुळे झाली, तेव्हा तिच्यातली फरशी त्याहून जुनी असणं शक्य नाही! डिसेंबर २०२० मध्ये हे जाहीर झालं.

फरशीवर फुलं आणि गाठींची नक्षी आहे, पण हवेलीतल्या आधीच्या मोझेकइतकी सफाई तिच्यात नाही. चुकाही राहिल्या आहेत. मला या चुकाच जास्त बोलक्या वाटतात. कसब उतरणीला लागलं होतं, तरी फरशी घालून घेणारा आणि घालणारा, दोघंही अजून तिथे होते.

मोझेकचा खरा वैरी थंडी. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडे उचकटतं. म्हणून पश्चिमेकडच्या खोल्यांवर २०१२ मध्ये नवी इमारत उभारली. बाहेर गवतात मात्र मोठाल्या रोमन गोगलगायी उघड्यावरच फिरतात. त्यांनाही २००८ पासून कायद्याचं संरक्षण आहे.